माया आणि मोह

रोह्यालगतचे धाटाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीसाठी ओळखले जाते. याच रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. गीतेतील कर्तव्यविचार त्यांनी स्वाध्यायाच्या मार्गाने कोळीवाड्यांपर्यंत आणि शेतकऱ्यांच्या अंगणापर्यंत नेला.

आपली महाकाव्ये प्रेमाला पाप मानीत नाहीत. दशरथाचे रामावर प्राणापलीकडे प्रेम होते; त्याने प्राण सोडला, पण दिलेला शब्द मोडला नाही. भरताला आयते राज्य मिळत होते, तेही आईच्या मायेतून. त्याने रामाच्या पादुकाच वंदनीय मानल्या. धृतराष्ट्राने मात्र पुत्रप्रेमापोटी द्यूत होऊ दिले. तिथे मायेचा मोह झाला आणि मोहाचे पाप. एकनाथांनी रामायण व मुक्तेश्वरांनी भारताची पर्वे मराठीत आणल्यामुळे हा विवेक आपल्या घरोघरी पोहोचला.

कुंडलिकेच्या काठी आज त्याच विवेकाची कसोटी आहे. कारखान्यांमुळे अनेक घरांत चूल पेटते, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पोटापाण्याच्या मायेने नदीत विषारी सांडपाणी सोडणाऱ्याकडे डोळेझाक करणे, ही धृतराष्ट्राचीच वृत्ती होय. नदीला माता म्हणणाऱ्या हिंदू समाजाला तर ती मुळीच शोभत नाही. परक्यांचे दोष दाखविणे सोपे. स्वकीयांना खडसावणे हेच खरे धर्मकार्य.

धृतराष्ट्राच्या सभेत निदान एक विदुर होता. आपल्या ग्रामसभेत ते काम आपणच करावयाचे आहे.