साबणाच्या सहा वड्या

दिवाळीच्या सुटीत एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सातवीपर्यंत माझ्याकडे उर्दू शिकलेली. आता दोन मुलांची आई आहे. हातातली कापडी पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आपा, हा आमच्याकडचा माल. महिनाभर वापरा आणि खरं काय ते सांगा. वही तपासताना लाल पेनाने लिहायच्या ना, तसं."

पिशवीत सहा वड्या निघाल्या. कडुनिंबाची, हळदीची, मुलतानी मातीची, गुलाबाची, एक बिनवासाची आणि एक केस धुवायची. शिवाय अंगाला लावायच्या लोण्याची छोटी डबी. ती आणि तिची जाऊ घरामागच्या टिनाच्या खोलीत हे सगळं बनवतात. मदतीला मोहल्ल्यातल्या दोन बायका असतात. कंपनीचं नाव मी देणार नाही. हे सदर जाहिरातीचं नाही, आणि पुढे थोडं उणंही सांगायचं आहे.

हे काम ती वर्ध्याच्या मगनवाडीत शिकली. आपल्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो इथे, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत. जे. सी. कुमारप्पा तो चालवत. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशा, असे कितीतरी उद्योग तिथे नव्याने तपासून बघितले गेले. 1938 मध्ये तिथेच मगन संग्रहालय उघडलं. मी शाळेची सहल दोनदा तिथे नेली आहे. त्याच मगनवाडीत आज केंद्र सरकारची ग्रामीण उद्योगांची संस्था आहे, तिला इकडे सगळे एमगिरी म्हणतात. तिथल्या छोट्या प्रशिक्षणात ही मुलगी पहिल्यांदा कॉस्टिक सोड्याला हात लावायला शिकली. म्हणजे हात न लावायला शिकली, असं म्हणायला हवं.

कारण साबण बनतो तो तेल आणि कॉस्टिक यांच्यातून. मी एक रविवार तिच्याकडे बसून बघितलं. आधी पाणी मोजून घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक हळूहळू सोडायचं. उलट कधीच करायचं नाही, कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, मुलं खोलीच्या बाहेर. ते मिश्रण बघता बघता इतकं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही. थंड झालं की खोबरेल, एरंडेल आणि हिंगणघाटहून आणलेलं सरकीचं तेल यात ते ओतून घोटायचं. कढीसारखं दाट झालं की साच्यात. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि मग चार ते सहा आठवडे जाळीच्या फळीवर नुसत्या वाळत ठेवायच्या. एवढा काळ पैसा अडकून पडतो. तिची 90 ग्रॅमची वडी 110 रुपयांना आहे. दुकानातला साबण त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, तेव्हा महाग का, हे मला त्या फळ्या बघून कळलं.

आमच्या खालांचा पहिला प्रश्न मात्र किमतीचा नव्हता. "यात चरबी तर नाही ना?" हा प्रश्न आपल्या घरांत जुना आहे. हनफी उलेमा सांगतात की साबण होताना चरबीची जातच बदलून जाते, म्हणून अशा साबणाला नापाक म्हणत नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. पण खालांचं मन मानत नाही, आणि मन मानत नसेल तर वडीवरचं नाव वाचायला शिकावं. 'सोडियम टॅलोएट' लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेल. भारताने 1983 मध्ये गुरांच्या चरबीची आयात बंद केली, तेव्हापासून इथले बहुतेक साबण पामतेलावर आले. त्याच्याही कितीतरी आधी, 1918 च्या सुमारास, मुंबईत गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. तो जगातला पहिला असं कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. हलबचे साबणवाले हे वाचून हसतील. तिथे जैतूनच्या तेलात गार झाडाचं तेल घालून शेकडो वर्षं साबण होतो. नाबलूसलाही तसंच, जैतूनचा साबण. 2024 मध्ये युनेस्कोने या दोन्ही हुनरांची नोंद आपल्या वारशाच्या यादीत केली. उर्दूतलं साबुन, अरबीतलं साबून आणि आपल्या मराठीतला साबण एकाच घरातले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं नेहमी खूश होतात.

आता वड्यांबद्दल. हळदीची वडी ठीक. पिवळा रंग छान, पण तो हळदीचा रंग आहे, अंगावर त्याचं काही होत नाही. गुलाबाची धाकट्या मुलीने पळवली, तिच्याकडून अजून अहवाल आलेला नाही. मुलतानी मातीची मला आवडली. हिवाळ्यात पाच वेळच्या वुजूने माझे हात उलतात, या वडीने हातांची ओढ कमी जाणवली. मोठ्या कारखान्यात साबणातलं ग्लिसरिन बरेचदा वेगळं काढून घेतात, हाताने केलेल्या वडीत ते तसंच राहतं, हे त्याचं कारण. पण त्याच ग्लिसरिनमुळे ही वडी ओल्या साबणदाणीत दोन आठवड्यांत लगदा होते. खाली भोकं असलेली साबणदाणी घ्या, नाहीतर 110 रुपये मोरीत गेले म्हणून समजा.

केसांची वडी नापास. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते. अशा पाण्यातल्या चुन्याशी साबण मिसळला की चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. तीन वेळा धुतल्यावर माझे केस सुतळीसारखे झाले. लिंबू पिळलेल्या पाण्याने शेवटी धुतलं तर थोडं सुटतं, पण रोज सकाळी शाळेच्या घाईत ते कोण करणार? मी रिठा-शिकेकाईवर परत गेले. लोण्याची डबी कोकमाच्या तेलाची, कोकणातल्या आपल्या भगिनी त्याला भिरंडेल म्हणतात. टाचांच्या भेगांना उत्तम. मात्र एप्रिलच्या वर्ध्यात ते डबीत राहणार नाही, वाहून जाईल. तिला म्हटलं, हे फक्त थंडीत विक.

बिनवासाच्या वडीची गोष्ट वेगळी आहे. गेल्या वर्षी आमच्या सासूबाई उमऱ्याला निघाल्या. एहराममध्ये खुशबू लावायची नाही, म्हणून वासाचा साबणही टाळायचा. आम्ही वर्ध्यात दुकानं पालथी घातली. एकजण म्हणाला, "बाई, वास नसलेला साबण घेतो कोण?" शेवटी तो दुसऱ्या शहरातून मागवावा लागला. ही अडचण मी बोलता बोलता या मुलीला सांगितली होती. तिने लक्षात ठेवून ही वडी बनवली. तिला साधा तेलाचा वास येतो, फेस कमी, दिसायला पांढरी आणि ओबडधोबड. सहांतली सगळ्यात चांगली वडी माझ्या मते हीच.

आणि आता कडुनिंबाची वडी.

माझ्या मोठ्या मुलीला लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला. थंडीत वाढतं. स्किनच्या डॉक्टरांनी मलम दिलं आहे, अंघोळीनंतर लगेच लावायची क्रीम दिली आहे. कडुनिंबाच्या वडीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'इसब, खाज, मुरुम मुळापासून बरे. 100 टक्के केमिकलमुक्त.' मी शिकलेली बाई, बीएड केलेली. तरी आपल्याच विद्यार्थिनीचा साबण, आपल्या अंगणातला कडुनिंब, या मायेत मी मुलीला म्हटलं, थोडे दिवस मलम राहू दे, हे लावून बघू. औषधाचं मलम सतत लावायची मला मनातून भीती होतीच. त्या भीतीला कागदावर एक वाक्य मिळालं, एवढंच.

बाराव्या दिवशी मुलगी रात्रभर झोपली नाही. कोपर खाजवून रक्त आलं होतं. परीक्षा तोंडावर आणि हातात पेन धरवेना. डॉक्टरांनी विचारलं, मलम कुणी बंद केलं? मी म्हटलं, "मीच." वडीचा कागद पर्समध्ये होता, तो बाहेर काढायची लाज वाटली. त्यांनी समजावलं ते असं. कुठलाही खरा साबण, कडुनिंबाचा असो की गुलाबाचा, अल्कधर्मी असतो. निरोगी कातडी थोडी आम्लधर्मी असते. साबण मळासोबत कातडीचं तेलही काढून नेतो. निरोगी माणसाची कातडी काही वेळात सावरते, इसबवाल्याची सावरत नाही. अशा मुलांना साबण कमीत कमी, पाणी कोमट, अंघोळ थोडक्यात, आणि अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम. मलम किती दिवस आणि कधी थांबवायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं.

मुलगी पंधरा दिवसांत सावरली, अल्लाहचा शुक्र. पण विद्यार्थिनीला सांगायचं कसं, या विचारात मी आठवडा घालवला. वड्यांच्या पैशांतून तिच्या मुलाची फी जाते, हे मला माहीत आहे. शेवटी गेले. आधी मातीच्या वडीचं कौतुक केलं, मग केसांच्या वडीला नापास केलं, ती हसली. मग मुलीच्या हाताचा फोनमधला फोटो दाखवला आणि कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आपा, सगळेच असं लिहितात. छापणाऱ्याने सुचवलं होतं."

मी म्हटलं, "केमिकलमुक्त म्हणतेस, मग त्या रविवारी तू चष्मा आणि मोजे घालून काय ओतत होतीस?"

तिची जाऊ आतून बोलली की पाचशे कागद छापून पडले आहेत. बाजारात कडुनिंबाची वडी त्या ओळीवरच विकली जाते. हे खोटं नव्हतं. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना त्यांनी खेटे घालून मिळवला आहे, त्याचा नंबर, बॅच नंबर, तारीख सगळं वडीवर आहे. अशी प्रामाणिक मुलगी. पण तो परवाना प्रसाधनं बनवायचा आहे. त्यावर रोग बरा करायचा दावा करता येत नाही, हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. तुम्ही घरगुती साबण घेत असाल तर तो परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आधी बघा, आणि रोगाचं नाव छापलं असेल तर वडी ठेवून द्या.

मी घरी परतले तेव्हा वाटलं, एक विद्यार्थिनी गमावली. दहा दिवसांनी तिचा मुलगा एक पाकीट देऊन गेला. आत कडुनिंबाची वडी, तोच जुना कागद. त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर तिच्या अक्षरात, मी शाळेत गिरवून घेतलेल्या त्याच वळणदार अक्षरात, एवढंच लिहिलं होतं: 'अंघोळीचा साबण. कातडीचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून वापरा.' पाचशेच्या पाचशे कागदांवर दोघी जावांनी हाताने पट्ट्या लावल्या. एका दुकानदाराने कडुनिंबाचा माल त्यानंतर घेणं बंद केलं आहे.

सध्या तिच्याकडे बिनवासाच्या साठ वड्यांची मागणी आहे, हजला जाणाऱ्या काही घरांकडून. फळीवर त्यांचा तिसरा आठवडा चालू आहे. त्यांचे कागद अजून छापायचे आहेत. मजकूर तपासायला तिने मला येत्या रविवारी बोलावलं आहे, लाल पेन घेऊन.