घड्याळाला सायकल दिसत नाही

वाशिम जिल्ह्यात मुलांच्या वाढत्या वजनाचा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘आपल्याकडं? अहो, इथं कुपोषणाचं बोला!’ यात चूक काही नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिमचं नाव होतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. राज्यात पाच वर्षांखालच्या, वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीत १.९ टक्के होतं. २०१९-२१ च्या फेरीत ते ४.१ टक्के झालं. त्याच फेरीत ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच राज्यात, कधी कधी एकाच घरात.

वजन वाढलं की सल्ला मिळतो, ‘लेकराला खेळू द्या.’ किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी हालचाल हवी. आता हे मोजायचं कसं? आईला विचारलं तर ‘दिवसभर मोबाइल’, आजीला विचारलं तर ‘दिवसभर उंडारतं पोट्टं’. म्हणून संशोधक मुलांच्या कमरेला किंवा मनगटाला अ‍ॅक्सिलरोमीटर बांधतात. हालचालीचा वेग किती झटक्याने बदलतो, हे तो नोंदवतो. आपल्या फिटनेस बँडमध्येही तोच असतो. भारतातही हे करून झालंय. मैसूरमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना आठवडाभर असं यंत्र लावून केलेला अभ्यास २००९ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आला.

आता हेच यंत्र आपल्याकडच्या एखाद्या मुलीला बांधलंय असं समजा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. ती रोज चार किलोमीटर जाणार, चार किलोमीटर येणार, त्यात एखादा चढ आणि मे महिन्याजवळचं ऊन. पाय घाम काढतायत, पण कंबर सीटवर स्थिर आणि मनगट हँडलवर. यंत्राच्या हिशेबात ती जवळपास बसलेलीच! (आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे काही मार्क मिळाले तर मिळाले.) डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणारी आणि रिकामी चालणारी, दोघी यंत्राला सारख्याच दिसतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघांनी धरलं आणि तो रेषेकडे सरकायला जीव तोडून झगडतोय, तरी यंत्रावर फार काही उमटत नाही. हालचाल मोजली जाते, कष्ट नाही.

सगळ्यात जास्त तोटा होतो तो ज्याच्यासाठी हे यंत्र आणलं त्याच मुलाचा. वजन जास्त असेल तर तेवढंच अंतर चालायला त्याला जास्त ऊर्जा लागते. मित्रांबरोबर शाळेत येताना त्याला धाप लागते, त्यांना नाही. पण सगळ्यांचे झटके साधारण सारखे, म्हणून सगळ्यांना शेरा एकच: ‘हलकी हालचाल’. वर्गात आधीच ‘जाड्या’ ऐकणाऱ्या पोराला आता घड्याळही आळशी ठरवणार.

‘दम लागला’ असं कुठून पुढे धरायचं, यावरही एकमत नाही. संशोधनात खूप वापरली जाणारी एक पट्टी मिनिटाला २२९६ काउंट्सपासून धरते, दुसरी ३२०० पासून. म्हणजे मूल तेच, दिवस तोच, एका पट्टीवर पास आणि दुसरीवर नापास. त्यात मुलं आपल्यासारखी अर्धा तास सलग जॉगिंग करत नाहीत. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांच्या जोरदार हालचालीचा एक तुकडा बहुतेक वेळा तीनच सेकंदांचा भरला. मिनिटामिनिटाची सरासरी काढणाऱ्या यंत्रात असे तुकडे विरघळून जातात.

बरं, बँड बांधला की वजन उतरतं का? २०१६ मध्ये ‘जामा’त आलेल्या प्रयोगात १८ ते ३५ वयाच्या तरुणांना दोन वर्षं पाहिलं. ट्रॅकर मिळालेल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, न मिळालेल्यांचं ५.९ किलो. ही मुलं नव्हती, त्यामुळे फार ताणायला नको. तरीही ‘वाढदिवसाला स्मार्टवॉच घेऊ, आपोआप बारीक होईल’ म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावं असं आहे.

माझं म्हणणं यंत्र फेकून द्या असं नाही. बसून राहणं ते बऱ्यापैकी पकडतं, आणि तेच इथं कामाचं आहे. एका वर्गाला आठवडाभर बांधा, नावं न लिहिता. खेळाचा तास गणिताने खाल्ला, तर आलेखात सपाट रेघ दिसेल. मधल्या सुट्टीत मुलं धावतात आणि मुली ओट्यावर बसतात, तर तेही दिसेल. ते पाहून मुख्याध्यापक वेळापत्रक बदलू शकतात, मैदान मोकळं करू शकतात.

घरी बँड घेताय तर मामला वेगळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे ‘मूल’ आहेत. काही अपवाद सोडले तर त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. प्रत्यक्षात घरोघरी काय होतं? ताई किंवा दादा स्वतःची जन्मतारीख टाकून धाकट्याचं खातं उघडून देतो आणि ‘अलाऊ’ दाबत सुटतो. तेव्हा लोकेशन बंद होतं का, जुना डेटा पुसता येतो का, हे दुकानदार सांगणार नाही. ते घरातल्या कॉलेजवाल्यानेच बघायचंय, म्हणजे आपणच.