नाक वर केले म्हणून विमान चढत नाही

देवणीहून बीदर फार दूर नाही. तेथील हवाई दलाच्या तळावर पूर्वी किरण विमाने होती. 2008 पासून हॉक ही प्रगत प्रशिक्षणाची विमाने तेथे दाखल झाली. सूर्यकिरण पथकाचा जन्मही 1996 साली तेथलाच. विमान हा विषय त्यामुळे आमच्या सीमाभागाला परका राहिलेला नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन वैमानिक होऊ म्हणणारी मुले आता आमच्या महाविद्यालयातही भेटतात. अशा मुलांना मी एक साधा प्रश्न विचारतो : विमान वर न्यायचे असेल तर काय करावे? उत्तर येते, नाक वर करावे. आणि वेग वाढवायचा असेल तर? इंजिनाचा जोर वाढवावा. दोन्ही उत्तरे अर्धसत्य आहेत. आणि या अर्धसत्यांनी आजवर शेकडो माणसांचे प्राण घेतले आहेत.

वैमानिकाच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात. एका दांड्याने तो शेपटीवरील पट्टी हलवून विमानाच्या नाकाचा कल बदलतो. दुसऱ्याने, म्हणजे थ्रॉटलने, इंजिनाची शक्ती कमीअधिक करतो. साध्यही दोनच : हवेतील वेग आणि उंची. स्थिर वेगाने सरळ चाललेल्या लहान विमानात नुसती शक्ती वाढवली, तर विमान वेगाने पुढे धावत नाही. जवळजवळ त्याच वेगाने ते वर चढू लागते. उलट शक्ती तीच ठेवून नाक उचलले, तर विमान क्षणभर चढते खरे; पण त्याचा वेग उतरत जातो आणि तो फार उतरला की चढण्याऐवजी ते खाली बसू लागते. इंजिन बंद पडले तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. सेस्ना 172 सारख्या शिकाऊ विमानाला तेव्हा सुमारे 65 नॉट, म्हणजे ताशी 120 किलोमीटर, वेग राखून तरंगत उतरावे लागते. आणि हा वेग राखण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे नाकाचा कल.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे फार सोपे होते. उंची ही मुदत ठेव, वेग ही हातातील रोकड, इंजिनाची शक्ती हे उत्पन्न आणि हवेचा अवरोध हा नित्याचा खर्च. नाकाचा कल बदलणे म्हणजे एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करणे होय. त्याने एकूण शिल्लक वाढत नाही. शिल्लक वाढते ती उत्पन्न खर्चाहून अधिक असेल तरच. रोकड मोडून ठेव वाढवणारा गृहस्थ काही काळ श्रीमंत दिसतो. पण रोजच्या खर्चापुरतीही रोकड उरली नाही, की त्याचा व्यवहार कोलमडतो. विमानाच्या बाबतीत या कोलमडण्याला स्टॉल म्हणतात. पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन मर्यादेबाहेर गेला, की पंखावरील प्रवाह तुटतो आणि विमानाला तोलून धरणारी उचल ढासळते.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हे. 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-320 विमान बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे कोसळले. विमानातील 146 जणांपैकी 92 मृत्युमुखी पडले. विमान उतरत असताना स्वयंचलित यंत्रणेने इंजिने किमान शक्तीवर ठेवली होती. वेग घसरत गेला, नाक वर होत गेले, पण शक्ती वाढवण्याची कृती वेळेवर झाली नाही. अखेरच्या क्षणी ती झाली तेव्हा इंजिनांना जोर धरण्यास लागणारे काही सेकंदही हाती उरले नव्हते. येथे नाक होते, शक्ती नव्हती.

31 मे 2009 रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाची गोष्ट याच्या नेमकी उलट. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, स्वयंचलित चालन सुटले आणि गोंधळलेल्या वैमानिकाने नाक उचलून धरले. विमान स्टॉल होऊन अटलांटिक महासागरात पडले. 228 जण गेले. त्या घसरणीत इंजिनांची पूर्ण शक्ती लावूनही विमान सावरले नाही, कारण नाक खाली आणून वेग परत मिळवण्याचे भान राहिले नाही. येथे शक्ती होती, नाकाचा विवेक नव्हता.

आमच्या मराठवाड्यानेही असा एक दिवस पाहिला आहे. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादहून मुंबईकडे निघालेले बोइंग 737 धावपट्टी संपता संपता उचलले गेले आणि लगतच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले. 55 प्रवासी व कर्मचारी प्राणास मुकले. नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, हे चौकशीत निष्पन्न झाले. पण त्याच चौकशीने उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणाऱ्या यंत्रणेवरही ठपका ठेवला, हे विसरून चालणार नाही. व्यक्तीची चूक आणि व्यवस्थेची ढिलाई नेहमी हातात हात घालून येतात.

कोणता दांडा कशासाठी, वेगासाठी नाक की उंचीसाठी नाक, हा वैमानिकांमधील जुना वाद आहे. वोल्फगांग लांगेविशे यांनी 1944 सालच्या ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथात नाकाचा दांडा हा खरा वेगाचा दांडा असल्याचे हिरिरीने मांडले. माझ्या मते हा वाद ‘हे की ते’ असा सुटणारा नाही. 1969 साली अर्थशास्त्राचे पहिले नोबेल ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी यान टिनबर्गेन यांनी सांगितले होते, की जितकी स्वतंत्र उद्दिष्टे, तितकी स्वतंत्र साधने हवीत. वैमानिकापाशी ती दोन आहेत. मात्र एक हलवले की दुसऱ्याचाही हिशेब बदलतो. म्हणून दोन्ही एकत्र आणि मापाने वापरावी लागतात. व्याजाचा दर आणि सरकारी खर्च यांचेही असेच असते.

यावर कोणी म्हणेल, की आता सारे यंत्रच करते, मग माणसाने हे कशाला शिकावे? स्वयंचलनाने विमानप्रवास अधिक सुरक्षित केला, हे निर्विवाद आहे. तथापि यंत्र ज्या क्षणी हात वर करते, तो क्षणच सर्वांत कठीण असतो. आणि नेमक्या त्याच क्षणी वर्षानुवर्षे न वापरलेले ज्ञान मागितले जाते. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे 200 तासांचे उड्डाण लागते. हे तास नुसते नोंदवहीत भरण्यासाठी नसावेत. नाक आणि शक्ती यांचे नाते हाडीमाशी खिळेपर्यंत हाताने उड्डाण करून घेणे, आणि नोकरीत शिरल्यावरही तो सराव टिकवणे, हे प्रशिक्षण संस्था, विमान कंपन्या आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांचे कर्तव्य आहे. मुलाच्या प्रशिक्षणासाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाचा आणि त्या विमानात बसणाऱ्या प्रवाशाचा तो हक्कच आहे.

एक प्रश्न आम्हा शिक्षकांनी स्वतःलाही विचारावा. लातूर पॅटर्नने आमच्या भागाला गुणवत्ता यादी दिली, डॉक्टर आणि अभियंते दिले. त्याचा अभिमान आहेच. परंतु एका प्रश्नाला चारांपैकी एकच अचूक पर्याय, या सवयीने एका परिणामामागे एकच कारण शोधण्याची खोड मुलांना लागते. जगातील बहुतेक प्रश्न, मग ते महागाईचे असोत, पाण्याचे असोत की विमानाचे, दोन दांड्यांचे असतात. फळ्यावर विमानाचे चित्र काढून या प्रश्नावर एक तास खर्च केला, तर अभ्यासक्रम मागे पडणार नाही. उलट त्या वर्गातून उद्या वैमानिक झालेला मुलगा संकटाच्या क्षणी नाक वर ओढण्यापूर्वी क्षणभर विचार करील. त्या क्षणाचे मोल गुणपत्रिकेत मोजता येत नाही.