प्रवेशातील अन्यायाबाबत राज्य सरकारला जाहीर इशारा

नीट आणि एमएचटी-सीईटीच्या गुणवत्ता यादीत एका बाजूला दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज आणि जमले नाही तर रिपीट करण्याची ऐपत आहे. दुसऱ्या बाजूला विज्ञान शिक्षकाचे पद रिक्त असलेल्या गावातली, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली पोरे आहेत. दोघांना एकाच मापाने मोजण्याला समान संधी म्हणणे ही दिशाभूल आहे आणि ती आम्ही यापुढे चालू देणार नाही.

‘ईडब्ल्यूएस आहे ना’, हे उत्तर आम्हाला देऊ नका. त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. महिन्याला ६५ हजार मिळवणारे शहरी घर आणि भूमिहीन शेतमजुराचे घर तिथे एकाच रांगेत उभे राहते. मूल कोणत्या शाळेत शिकले, हे तर तो दाखला विचारतही नाही.

कायद्याची अडचणही सांगू नका. तमिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा राखल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो कायदा वैध ठरवला. कर्नाटकात ग्रामीण आणि कन्नड माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहेत. आपल्याकडेही कृषी पदवीच्या प्रवेशात सातबाऱ्याला जादा गुण मिळत आले आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या आहेत. मग अडले कुठे?

आमच्या मागण्या :

१. पहिली ते दहावी जिल्हा परिषद, पालिका, आश्रमशाळा किंवा ग्रामीण अनुदानित शाळेत शिकलेल्यांसाठी सर्व प्रवर्गांत समांतर आरक्षण द्या. तमिळनाडूचा नियम जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे गावातली माध्यमिक शाळा बहुधा खासगी अनुदानित असते.

२. त्यातून प्रवेश मिळालेल्यांची शिक्षण आणि वसतिगृहाची फी शासनाने भरावी.

३. कागदावर कनिष्ठ महाविद्यालय आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लास, असे ‘टाय-अप’ करणाऱ्यांची मान्यता रद्द करा.

३१ डिसेंबरपर्यंत शासन निर्णय निघाला पाहिजे. समिती नेमून वेळ काढाल, तर १ जानेवारीपासून सीईटी कक्षाच्या मुंबईतील कार्यालयासमोर पालक आणि विद्यार्थी शांततेने बेमुदत ठिय्या देतील. त्याच आठवड्यात आम्ही मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करू. आश्वासनावर आम्ही उठणार नाही. सही-शिक्क्याचा शासन निर्णय हातात पडेल, तेव्हाच आंदोलन थांबेल.