दरवर्षीचा धोंडा

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

महोदय,

वैयक्तिक तक्रारी ट्राय ऐकत नाही, कंपनीकडे जा, असं तुम्ही सांगता. कंपनीकडे जाऊन झालं. तिथलं अपीलही कंपनीच ऐकते. म्हणून हे पत्र चारचौघांत.

जानेवारी २०२२ मध्ये तुम्हीच आदेश काढलात, की ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवा. कंपन्यांनी ‘निदान’ तेवढं नेमकं वाचलं. स्वस्तातले प्लॅन २८ दिवसांवरच राहिले. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. १९९ च्या प्लॅनवर बारा रिचार्जचे २,३८८ होतात, तेरांचे २,५८७. असे एक कोटी ग्राहक धरा, तेराव्या रिचार्जचे १९९ कोटी झाले. धोंड्याचा महिना आमच्याकडे तीनेक वर्षांतून एकदा येतो. कंपन्यांचा दरवर्षी येतो, आणि जावईही त्याच!

डिसेंबर २०२४ मध्ये तुम्हाला साध्या फोनवाल्या सुमारे १५ कोटी लोकांची आठवण झाली. डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक द्या, असा नियम केलात. आभार. मग एअरटेलने ८४ दिवसांच्या ५०९ च्या प्लॅनमधला ६ जीबी डेटा काढला आणि किंमत ठेवली ४९९. दहा रुपयांची कृपा! ओरड झाल्यावर ४६९. जिओचा ४५८ चा पॅक ४४८ चा झाला. पण ८४ दिवसांहून लहान पॅक तेव्हा दोघांनीही आणला नाही. रोजंदारीवरच्या बाईने साडेचारशे एकरकमी कुठून काढायचे? ती बिचारी नको असलेल्या डेटासकट २८ दिवसांचाच रिचार्ज मारते, कारण इनकमिंग बंद पडलं तर बँकेचा ओटीपीही येत नाही.

दर बाजार ठरवेल, म्हणता. कुठला बाजार? जुलै २०२४ च्या ३ आणि ४ तारखेला तिन्ही खासगी कंपन्यांचे दर चढले. नंबर पोर्ट करून जायचं कुठे? बीएसएनएलला, रेंज मिळाली तर.

१९९७ च्या कायद्याच्या कलम ११(२) ने दर ठरवायचा अधिकार तुम्हाला दिलेला आहे. फक्त बोलण्याचा, ३० दिवसांचा पॅक सक्तीचा करा. करायचा नसेल तर का नाही, ते आदेशात लिहा. तेवढं तरी कंपन्यांना न विचारता जमावं.

एक प्रीपेड ग्राहक,
जि. सातारा