फ्रेंच वकील आणि सुप्याची चावडी

इतिहासाच्या पुस्तकांत मुत्सद्द्यांच्या भेटीगाठींना मानाचे पान मिळते; त्या भेटींची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना तळटीपही मिळत नाही. पेशव्यांच्या दरबारी १७७७ साली आलेल्या सेंट ल्युबिन या फ्रेंच वकिलाची कथा म्हणूनच पुण्याच्या वाड्यात न संपवता बारामती-इंदापूरच्या शेतापर्यंत आणून वाचली पाहिजे.

शेव्हालिए पालबो द सेंट ल्युबिन हा गृहस्थ मुत्सद्दी कमी आणि साहसी फिरस्ता अधिक. हिंदुस्थान त्याला नवा नव्हता. पूर्वी तो हैदरअलीच्या छावणीत वावरला होता आणि तेथून मद्रासच्या इंग्रजांकडे गेला होता. पुढे फ्रान्सचा आरमारमंत्री सार्तीन याचा विश्वास संपादन करून तो १७७७ च्या मार्चमध्ये चौल बंदरी उतरला आणि मे महिन्यात पुण्यात दाखल झाला. सोळाव्या लुईचा वकील म्हणून तो मिरवत होता; प्रत्यक्षात करार करण्याचा किती अधिकार त्याच्यापाशी होता, याविषयी त्या काळीही संशय होता. त्याचे बोलणे मात्र भरघोस होते. अडीच हजार युरोपीय शिपाई आणू, दहा हजार देशी शिपायांना कवायत शिकवू, दारूगोळा पुरवू. मोबदल्यात कोकण किनाऱ्यावरचे चौल बंदर हवे! साम्राज्यांच्या मैत्रीची भाषा अशीच असते. देणे वायद्याचे असते, मागणे मात्र रोखीचे.

नाना फडणिसांनी हा व्यवहार नेमका ओळखला. पुरंदरचा तह १७७६ च्या मार्चमध्ये झाला होता, पण राघोबाला पुन्हा गादीवर बसवण्याचा मुंबईकर इंग्रजांचा हव्यास सुटला नव्हता. अशा वेळी फ्रेंच वकिलाचा बडेजाव करावा, इंग्रजांच्या मनात धास्ती भरावी आणि बंदर मात्र हातचे सोडू नये, असे त्यांचे धोरण होते. १७७८ साली सेंट ल्युबिनला निरोप मिळाला. त्याचे अडीच हजार शिपाई कधीच आले नाहीत. चौलही त्याला मिळाले नाही.

नानांचे चातुर्य मान्य करूनही त्याचा हिशेब मांडावाच लागतो. फ्रेंच वकिलाच्या वास्तव्याने इंग्रजांच्या युद्धखोर गटाला आयते निमित्त मिळाले. वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून फौज धाडली, मुंबईची फौज बोरघाट चढून आली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला तिला शरण यावे लागले, ही मराठी पराक्रमाची गोष्ट खरीच. पण त्या विजयासाठी शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून तळेगाव जाळावे लागले, वाटेवरचा मुलूख उजाड करावा लागला. विजयात एकाही फ्रेंच सैनिकाचा वाटा नव्हता. ज्यांची घरे जळाली, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीय राष्ट्रांना पेशव्यांच्या मुलखात वखारी घालू न देण्याचे कलम आले आणि फ्रेंच पत्त्याचा डाव मिटला.

परक्याची भीती दाखवणे वेगळे आणि परक्याच्या आधाराला जाणे वेगळे, हा भेद नाना जाणत होते. १८०० साली नाना गेले आणि तो भेदही दरबारातून गेला. मराठी सरदार फ्रेंच व इतर युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पलटणी एकमेकांवर घालू लागले. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ज्या बारामतीत मोरोपंतांच्या आर्या घडत होत्या, तिच्याजवळ १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने पेशव्याच्या फौजेचा पराभव केला. पाठोपाठ हडपसरची लढाई झाली, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्याने सही केली. सहा हजार इंग्रजी पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, हा त्या आधाराचा भाव होता. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपीयांना नोकरीत ठेवायचे नाही, हेही त्याच तहात लिहून घेतले गेले. फ्रेंचांना दाराबाहेर काढण्याच्या नावाखाली घरच परक्याच्या हाती गेले.

या घराचे भाडे कोणी भरले? होळकरी फौजा आणि पेंढारी यांच्या लुटीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने भीमा-नीरेच्या पट्ट्यातली गावे ओस पडली. इंग्रजी अंमल आल्यावर प्रिंगलने ठरवलेला सारा रयतेला झेपेना, तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पाहणीचा प्रारंभ केला तो इंदापुरातच. तीस वर्षांची मुदत सरताच तेथे सारा पुन्हा वाढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते. वाढलेला सारा मात्र खाली आला नाही. सारा भरण्यासाठी सावकार आणि सावकारासाठी जमीन गहाण, अशी रयतेची कोंडी झाली. अखेर १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जखते जाळली. हा उठाव सेंट ल्युबिनमुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. पण दूरच्या दरबारात आणि दूरच्या बाजारात ठरणाऱ्या गोष्टींचा शेवटचा हप्ता सुप्याची चावडी भरते, ही त्या दोन घटनांना जोडणारी साखळी नाकारता येत नाही.

परराष्ट्रव्यवहार नाजूक असतो, तो चावडीवर चर्चून चालत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. वाटाघाटीत काही काळ गुप्तता लागते, हे खरे. परक्यांशी संबंधच नकोत असे म्हणणेही समाजवादाला शोभणारे नाही. मुद्दा निराळा आहे. ज्यांच्या जमिनीवर कराराचा भार पडणार, त्यांना सही होण्यापूर्वी कराराची किंमत कळली पाहिजे आणि ती नाकारण्याचा हक्कही असला पाहिजे. राजेशाहीत तो नव्हता. लोकशाहीत तो नसेल, तर वकिलाचा पोशाख तेवढा बदलला म्हणायचे.

डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात असताना जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी अरेवा या फ्रेंच कंपनीशी करार झाले. किनारा पुन्हा कोकणचाच होता. माडबनच्या परिसरातील शेतकरी-मच्छिमारांचा विरोध आधीपासून सुरू होता. तरी सह्या झाल्या, आणि एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. विजेची गरज खोटी नाही. पण गावकऱ्यांचा प्रश्न सहीनंतर ऐकायचा असेल, तर तो ऐकणे नव्हे, समजूत घालणे होय.

बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास गावोगाव सांगावा. नानांचे चातुर्य आठवावे, बाजीरावाचे पलायनही आठवावे. आणि कोणताही करार समोर आला की पहिला प्रश्न विचारावा : याचा शेवटचा हप्ता कोणत्या चावडीवर वसूल होणार आहे?