उताराला घाई कुणाची?

तर मंडळी, येत्या जूनमध्ये आमच्या खानदानातली नऊ माणसं लेहला चालली आहेत. बेत असा, की जीपनं खारदुंग ला खिंडीपर्यंत वर जायचं आणि तिथून सायकलवर बसून लेहपर्यंत खाली यायचं. सुमारे ४० किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा उतार. पायडल मारायची फारशी गरज नाही म्हणून ताईसुद्धा तयार झाली आहे. आता टूरवाला विचारतोय, 'गाईडेड' हवं की 'सेल्फ पेस्ड'? म्हणजे पुढं गाईड, मागं जीप आणि मध्ये आपली रांग. की सायकल ताब्यात घ्या आणि आपापल्या वेगानं खाली या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान झालं. गाईडच्या बाजूनं सात, विरुद्ध एक (अस्मादिक), आणि आजी तटस्थ, कारण मत कुठं दाबायचं ते तिला सापडलं नाही. :)

"पोरं सोबत आहेत, रस्ता अनोळखी, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण गाईड पाहिजे," असं दाजींचं म्हणणं. ऐकायला इतकं समंजस वाटतं की त्यावर कुणी वादच घालत नाही. म्हणून मी घालतो. दाजी, रागावू नका.

आमचं करमाड म्हणजे तळहातासारखं सपाट. जालना रोडला शेंद्र्याच्या एमआयडीसीचे ट्रक, एवढाच काय तो सायकलवाल्याचा शत्रू. उतार बघायचा तर शहर ओलांडून दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद करत म्हैसमाळला जावं लागतं. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर, म्हणजे शहरापेक्षा साधारण ५०० मीटर वर. आमच्या भागातला हाच काय तो हिमालय. (कन्नडच्या औट्रम घाटाचं नाव काढू नका. तिथं ३१ ऑगस्ट २०२१ ला दरड कोसळली, पुढं २०२३ मध्ये कोर्टाच्या आदेशानं अवजड वाहनं बंद करावी लागली. सायकल शिकायची ती जागा नव्हे.)

तर म्हैसमाळच्या उतारावर मी अशी एक गाईडेड रांग नीट बघितली आहे. टेम्पोत सायकली, बसमध्ये माणसं, वर नेऊन उतरवलं, हेल्मेट वाटली, शिट्टी. पुढं जो लीडर होता तो पक्का सायकलवाला. तो सुळकन निघायचा आणि दोन वळणं खाली जाऊन सगळ्यांची वाट बघत थांबायचा. त्याच्या मागचे आले, पाणी प्यायले, फोटो काढले. शेवटचा माणूस पोचला की "चला, सगळे आले" म्हणून परत शिट्टी! म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यांत कमी त्याला ती सगळ्यांत जास्त, आणि जो हात थरथरत, घाबरत आला त्याला शून्य. वर आपल्यामुळं सगळे खोळंबले ही लाज वेगळीच. अशा शेवटच्या माणसाला पुढच्या टप्प्यात वेग वाढवावाच लागतो. त्या दिवशी शेवटी एक अकरावी-बारावीतली मुलगी होती. तिसऱ्या टप्प्यात ती वळणावरच्या खडीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. मागचा टेम्पो मिनिटभरात आला, मलमपट्टी व्यवस्थित झाली, त्याबद्दल शाबासकी. पण पडेपर्यंतचा सगळा वेग तिला त्या रांगेनंच दिला होता. व्यवस्था होती ती पडल्यानंतरची!

माझं भांडण नेमकं इथं आहे. गाईड म्हटलं की आपण समजतो, हा आपल्याला सांभाळणार. सायकलवर ते होत नाही. बसचा ड्रायव्हर सगळ्या बसचा ब्रेक दाबतो. इथं नऊ माणसांचे अठरा ब्रेक नऊ माणसांच्याच हातात असतात. पुढच्या माणसाला तुमचा ब्रेक दाबता येत नाही, तो फक्त तुमचा वेग ठरवतो. आणि वेगाचं गणित फार निर्दय आहे. ताशी २० चे ४० झाले तर ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

आता थोडी शाळा घेतो. (नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. ५०० मीटर खाली आलं की जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर साधारण सव्वा लिटर साधं पाणी उकळतं. खारदुंग ला ५३५९ मीटरवर, लेह साधारण ३५०० मीटरवर. म्हणजे साडेअठराशे मीटरचा उतार, आणि जवळपास पाच लिटर पाण्याचा आधण! ही उष्णता जाते कुठं? काही वाऱ्यात आणि बाकीची ब्रेकमध्ये. गंमत अशी, की जो घाबरून सतत ब्रेक धरून सावकाश येतो त्याच्यासाठी वारा फार थोडं काम करतो, सगळा भार ब्रेकवर येतो. रिम तापते, रबर झिजतं, डिस्क असेल तर पॅड चकाकून धरेनासे होतात. यावर उपाय एकच. ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, आणि अधूनमधून सरळ उतरून उभं राहायचं. डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो. जवळ हात नेला तरी समजतं. किती वेळा थांबायचं हे त्या सायकलला आणि तुमच्या बोटांना ठरवू द्या. जूनमध्येसुद्धा खारदुंग लावर वारा असा असतो की ब्रेकच्या दांडीवरची बोटं बधिर होतात. बधिर बोटांना शिट्टीचं वेळापत्रक कळत नाही.

आणि तो फॉर्म! दाजी, तुम्ही नीट वाचला का? मी वाचला. टूरवाल्यानं गाईडचे पैसे वेगळे लावलेत आणि खाली आपल्याकडून लिहून घेतलंय की अपघात झाल्यास जबाबदारी सर्वस्वी चालकाची. चालक म्हणजे आपण. जबाबदारी माझी आणि वेग त्याचा, हा कुठला न्याय?

आमचा आत्तेभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणाला, "अरे तिकडे हवाईत तर हे केव्हाचं चालू आहे." आहे ना! माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे, ३०५५ मीटर उंच. पहाटे वर नेऊन सूर्योदय दाखवायचा आणि मग गाईडच्या मागं रांगेनं खाली सोडायचं, असा तिथला धंदा. २००७ मध्ये अशाच एका सहलीत एका बाईचा मृत्यू झाला आणि नॅशनल पार्कनं आपल्या हद्दीतून अशा व्यावसायिक सहली बंद केल्या. तेव्हापासून त्या पार्कच्या बाहेरून, सुमारे ६५०० फुटांवरून सुरू होतात. पुढं गाईड होता, मागं गाडी होती, तरी हे झालं. आता तिथं आपापल्या वेगानं उतरायच्या सहलीही विकल्या जातात, आणि त्यांतही माणसं पडतात, हे मी लपवत नाही. सायकल सोपवून गाडी निघून गेली, मागं कुणीच नाही, हेही मला मान्य नाही. पण तो दोष मागं कुणी नसण्याचा आहे. आपल्या वेगानं येण्याला त्याचा बोल कशाला?

आजीनं मात्र माझी विकेट काढली. म्हणाली, "वारीत पण पुढं पताका, मागं दिंडी, आणि सगळे एका चालीनं. तिथं तुला त्रास होत नाही?" मुद्दा बिनतोड वाटला, दोन दिवस विचार केला. पण आजी, दिवेघाट आपण चढतो, तोही पायी. मागं पडलेला म्हातारा मागच्या दिंडीत मिसळतो, नाहीतर संध्याकाळी मुक्कामाला येऊन मिळतो, त्याच्यासाठी कुणी शिट्टी वाजवत नाही. आणि पायी चालताना थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं. उतारावर थांबणं हे कामच वेगळं आहे.

एक गोष्ट मात्र दाजींची शंभर टक्के खरी. खारदुंग लावर एकट्यानं, गाडीशिवाय जायचं नाही. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा. डोकं दुखतं, विचार मंदावतो, आणि स्वतःचा विचार मंदावलाय हे स्वतःला समजत नाही. रस्ता लष्कराच्या ट्रकांचा, वितळलेल्या बर्फाचं पाणी आडवं वाहत असतं. (वरच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय, मोजणीत ते १७,५८२ भरतात. आपल्याकडं घाटसुद्धा थापा मारतात.) दाजींना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकल हा शब्दसुद्धा काढू नये. लेहला पोचल्यावर दोन दिवस पूर्ण आराम, मगच वर.

तेव्हा माझी मागणी तिसरीच आहे आणि ती टूरवाल्याच्या फॉर्मवर नाही. जीप आपलीच करायची, ती शेवटच्या माणसाच्या मागं राहील. पुढं कुणीही लीडर नको. सगळ्यांत पुढं ताई, कारण ती सगळ्यांत सावकाश. तिला ओलांडायचं नाही. ती थांबली की सगळे थांबले. साउथ पुल्लूच्या चेकपोस्टपर्यंत ज्याला नको वाटेल त्यानं जीपमध्ये बसावं, कुणी हसायचं नाही. असं करून देत नसेल तर दुसरा जीपवाला शोधू, लेहमध्ये जीपांना तोटा नाही. टूरवाला म्हणेल वेळ लागतो. लागू दे, आपण लेहमध्ये सहा दिवस आहोत.

भाच्याचा प्रश्न राहिला. पंधरा वर्षांचा आहे, घाट म्हणजे काय हे त्याला मोबाईलच्या गेममधून माहीत. माझं म्हणणं, जो घाट चढला नाही त्याला उतरायची घाई नको. चढताना रस्त्यातला खड्डा न् खड्डा समजतो, वळणाला कुठं खडी आहे ते दिसतं, आणि तेवढाच रस्ता उतरताना मान आपोआप खाली राहते. खारदुंग ला त्याला चढवायचा नाही, तेवढा मामा क्रूर नाही. पण म्हैसमाळ चालेल. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला करमाडहून निघू, सायकली खुलताबादपर्यंत पिकअपमध्ये, तिथून पुढचे साधारण १२ किलोमीटर पायडल मारत वर. गिरिजामातेचं दर्शन, चहा, आणि मग खाली. दाजी, पिकअपचं तुम्ही बघा, ब्रेकचे रबर मी शनिवारी बदलून आणतो. आणि मतदान मंगळवारी परत घेऊ. या वेळी आजीला कुणीतरी बटण दाखवा.